बिनकामाचं चालणं

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, दळणाच्या रांगेत असाल, जिथं असाल तिथून ऐका.

आम्ही दोघी इटलीला जाऊन आल्यापासून प्रत्येक बैठकीत एकच मागणी होते, "तिकडं काय बघितलंत ते सांगा की." अभ्यासाचं जे होतं ते आम्ही ग्रामसंघांच्या बैठकांत सांगून टाकलंय. हिशेब कसा ठेवायचा, मालाची प्रतवारी कशी करायची, सभेत गप्प बसणाऱ्या बाईला बोलतं कसं करायचं, ते सगळं झालं. आज जे सांगणार आहोत ते आमच्या अहवालात नाही. तीन आठवडे आम्ही एक परकं शहर पायी पायी फिरलो, त्याबद्दल बोलायचं आहे.

आता 'फिरलो' हा शब्द बाईच्या तोंडून आला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. निघायच्या आदल्या आठवड्यात पारावरून आवाज आलाच होता, "चालल्या फिरायला!" पुरुष फिरायला गेला तर तब्येतीला चांगलं. बाई फिरली की ती उंडारते, भटकभवानी होते. पाण्याला चाला, रानात चाला, सरपणाला चाला, पोराला घेऊन दवाखान्यात चाला. दिवसाचे सात-आठ किलोमीटर झाले तरी त्याला कुणी चालणं म्हणत नाही. पण हात रिकामे ठेवून चाललं की लगेच सगळे मोजायला बसतात.

तर आम्ही म्हणजे दोघी. एक थोरली, प्रभागसंघाची अध्यक्ष, पन्नाशीला टेकलेली, दहावी झालेली. दुसरी धाकटी, गटांची समन्वयक, बी. ए. झालेली. वर्गात इंग्रजी चालायचं. धाकटीनं ऐकायचं आणि थोरलीच्या कानात मराठीतून सांगायचं, असं आधीच ठरलं होतं. खर्च शिष्यवृत्तीतून होता. हे एवढ्यासाठी सांगतो की अजूनही काही जणी विचारतात, गटाच्या पैशातून गेलात का. नाही गेलो.

शहराचं नाव तुरिन. तिथले लोक तोरिनो म्हणतात. इटलीच्या वरच्या अंगाला आहे, आल्प्स डोंगराच्या पायथ्याशी. तिथं पो नदीच्या काठावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, १९६५ पासून. १९६१ साली इटली एक देश झाल्याला शंभर वर्षं झाली म्हणून त्या भागात मोठं प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन उठलं आणि त्याची जागा पुढं शिक्षणाच्या कामी आली. राहायचं तिथंच, जेवायचं तिथंच, शिकायचं तिथंच. म्हणजे फाटकाबाहेर पाऊल टाकायची गरजच नाही.

आणि खरं सांगायचं तर पहिले पाच दिवस आम्ही टाकलंही नाही. वर्ग सुटला की खोली, खोलीतून जेवायला, जेवून परत खोली. खिडकीतून झाडं दिसायची, झाडांमागं नदी असल्याचं कळायचं. वर्गातल्या घानाच्या, फिलिपिन्सच्या बायका संध्याकाळी बाहेर जायच्या, आम्हालाही बोलवायच्या. आम्ही हसून मान हलवायचो. घरून फोन आला की सांगायचो, "कुठं जात नाही, खोलीतच आहोत." तिकडून म्हणायचे, "बरं करता." विमानानं एवढं लांब येऊन आम्ही आमच्या माजघरातच बसलो होतो म्हणा.

शनिवारी सुट्टी होती. शहराचा मधला भाग तिथून पाचएक किलोमीटर. बसचं तिकीट तेव्हा एकीला पावणेदोन युरोच्या आसपास होतं. दोघींचं जाऊन येऊन सातएक युरो झाले. आम्ही एका युरोला नव्वद रुपये असा हिशेब धरला होता, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर गेले, नुसते बसायचे! थोरली म्हणाली, "पाच किलोमीटरला सहाशे? आपल्या पायाला काय धाड भरलीय?" आम्हाला बाहेर काढलं ते या हिशेबानं. मोठं धाडस वगैरे काही नव्हतं.

रस्ता विचारायला भाषा येत नव्हती आणि फोनला नेट फक्त केंद्राच्या आवारात. पण नदी होती. पो ही इटलीतली सगळ्यात लांब नदी, ६५२ किलोमीटर. आपल्या गोदावरीच्या निम्मीही नाही, पण त्यांच्याकडं मोठीच. तुरिनमध्ये ती दक्षिणेकडून उत्तरेकडं वाहते आणि शहर तिच्या डाव्या काठावर. थोरलीनं काठावर उभं राहून पाण्यात काडी टाकली, कुठं जाते ते बघितलं आणि निकाल दिला, "पाणी जातंय तिकडं शहर. परत येताना पाण्याच्या उलट यायचं. चुकायचा प्रश्नच नाही." ओढ्याच्या काठानं गुरं हिंडवलेल्या बाईला नकाशा लागत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

काठाकाठानं चांगली वाट आहे. झाडी, पळणारी माणसं, सायकली. मग मोठी बाग लागते, व्हॅलेंतिनो नावाची. बागेत एक राजवाडा आहे आणि एक खेडंही आहे, किल्ल्यासारखं, जुन्या काळचं वाटणारं. आम्ही कौतुकानं बघत उभ्या राहिलो. नंतर वर्गात कळलं की ते १८८४ च्या प्रदर्शनासाठी मुद्दाम बांधलेलं खोटं खेडं आहे! खरं खेडं बघायला आमच्याकडं या म्हणावं.

पण त्या बागेत आमची नजर खिळली ती बाकांवर. बाकावर एकटी बाई बसलेली. साठीची असेल. शेजारी पिशवी नाही, मांडीवर नातवंड नाही, कुणाची वाट बघतेय असंही नाही. नदीकडं बघत बसलेली. पुढच्या बाकावर दुसरी, पुस्तक वाचणारी. पुढं तिसरी, डोळे मिटून ऊन खाणारी. आम्हीही एका बाकावर बसलो. दहा मिनिटं झाली नाहीत तोच थोरली उठली. म्हणाली, "मला असं बसवत नाही गं. काहीतरी राहिलंय असं वाटतंय." मग आम्ही कारण शोधलं. म्हटलं, आपण पाय दुखले म्हणून बसलोय. तेव्हा कुठं ती परत बसली. मैत्रिणींनो, बसायलासुद्धा कारण लागतं आपल्याला.

पुढं शहरात शिरलो. रस्ते आखून काढल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी इथं वस्ती केली तेव्हाच चौकटी आखून घेतल्या होत्या. त्या काळची विटांची वेस अजून उभी आहे, दोन्ही बाजूंना बुरूज असलेली. रस्त्याच्या कडेनं कमानींचे ओटे, म्हणजे वर इमारत आणि खाली चालायला झाकलेली वाट. अशा वाटा सगळ्या मिळून अठरा किलोमीटर आहेत म्हणतात. व्हिया पो नावाच्या रस्त्याला एका बाजूनं तर आडव्या गल्ल्यांवरसुद्धा छत टाकलंय. का, तर राजाला वाड्यापासून नदीपर्यंत पावसात न भिजता जाता यावं. राजे गेले, छत राहिलं. आता त्याखालून कुणीही चालावं. आमच्या दुसऱ्या शनिवारी धो धो पाऊस आला आणि आम्ही छत्री न उघडता तासभर हिंडलो. राजाला मनातल्या मनात दुवा दिला.

पाण्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. चौकाचौकात हिरव्या रंगाचा बिडाचा खांब, त्यावर बैलाचं तोंड आणि त्या तोंडातून पाण्याची धार. तोरेत म्हणतात त्याला, म्हणजे छोटा बैल. बैल ही त्या शहराची खूणच आहे. असे आठशेच्या आसपास नळ आहेत शहरभर, दीडशेहून अधिक वर्षांपासून. पाणी पिण्याचं आणि फुकट. सुटाबुटातला माणूस वाकून पितो, कुत्रं पितं, पोरं बाटल्या भरतात. आम्हाला आपलं गोमुखच आठवलं. तरी थोरलीनं आधी ओंजळीत घेऊन वास घेतला, मग प्याली. पिऊन झाल्यावर तिनं वाहती धार बघितली आणि हात आपोआप तोटी शोधायला लागला. तोटी नव्हती. "अगं, बंद कसं करायचं हे?" टँकरच्या गावातली बाई ती. पुढचे दोन आठवडे प्रत्येक बैलाजवळ ती क्षणभर थांबायची आणि कळवळायची. पण रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला तहान लागणार, हे कुणीतरी धरून चाललेलं होतं, एवढं मात्र आम्ही दोघींनी मनात लिहून ठेवलं.

दुसरी गरज मात्र तिथंही अवघडच. शहरात बाथरूमसाठी कॉफीच्या दुकानात शिरायचं आणि काहीतरी घ्यायचं, अशी पद्धत. कॉफी म्हणजे घोटभर, काढ्यासारखी कडू, उभ्यानं प्यायची, युरोपेक्षा थोडी जास्त किंमत. आम्ही त्याला 'मुतारीची कॉफी' म्हणायचो. रेडिओवर म्हणू नये, पण तुम्ही आमच्याच आहात.

कॉफीचे पैसे देताना एकदा सुट्ट्यात दोन सेंटचं तांबूस नाणं आलं. त्यावर एक उंच टोकदार इमारत कोरलेली. धाकटीनं मान वर केली तर तीच इमारत समोरच्या गल्लीच्या टोकाला! मोले आन्तोनेल्याना तिचं नाव, १६७ मीटर उंच. १८६३ मध्ये ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर म्हणून बांधायला घेतली, आता तिथं सिनेमाचं संग्रहालय आहे. आत जायला तिकीट होतं म्हणून आत गेलो नाही. पण ते नाणं थोरलीनं कनवटीला लावलं, आजही तिच्या बटव्यात आहे.

बाजाराबद्दल किती सांगू आणि किती नको. पोर्ता पालात्सो नावाचा बाजार, उघड्यावर भरणारा युरोपातला सगळ्यात मोठा म्हणतात. सोमवार ते शुक्रवार सकाळपासून दुपारपर्यंत आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत. आम्हाला तिथं घरी आल्यासारखं झालं, कारण तिथं माणसं ओरडत होती. एरवी शहर फार हळू बोलतं. शेजारच्या कार्मान्योला गावची ढोबळी मिरची बघितली, एकेक दोन्ही हातांत धरावी एवढी, पिवळीधमक. थोरलीनं सवयीनं टोमॅटो दाबून बघितला आणि विकणारी बाई अशी काही कडाडली की आमची पाचावर धारण बसली. तिथं भाजीला गिऱ्हाइकानं हात लावायचा नसतो, बोटानं दाखवायचं आणि ती निवडून देणार. आम्ही हात जोडले. ती हसली आणि दोन टोमॅटो जास्तीचे टाकले.

बाजाराच्या मागच्या बाजूला शेतकऱ्यांची वेगळी शेड आहे. स्वतः पिकवलेलं तिथं आणून स्वतः विकतात. आम्ही जवळजवळ तास तिथंच काढला. एक आजी दोनच पाट्या घेऊन बसली होती, पालेभाजी आणि अंजीर. पैसे घ्यायची, मोजायची आणि पदराला नाही तरी कमरेच्या पिशवीत टाकायची. मधे कुणी नाही. आमच्या किती जणी बाजाराला पाटी घेऊन जातात आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशात जातात, ते तुम्हाला सांगायला नको.

एका मोरोक्कन माणसाच्या गाड्यावर कोथिंबीर दिसली. जुडी नाकाला लावून आम्ही दोघी उभ्या. त्यानं पैसे घेतले नाहीत. ती जुडी खोलीत ग्लासात ठेवली होती, चार दिवस.

शनिवारी त्याच्याच पलीकडं जुन्या सामानाचा बाजार भरतो, बालॉन नावाचा. थोरलीच्या चपलेनं दगडी फरशीवर जीव सोडला होता, तिथं तिनं पाच युरोला वापरलेले बूट घेतले. दुकानदारानं दहा बोटं दाखवली, तिनं चार दाखवली, मग पाचावर तुटलं. नऊवारीवर पांढरे बूट! लोक बघायचे. पहिल्या दिवशी ती पदर पुढं ओढायची. दुसऱ्या आठवड्यात तिनंच बघणाऱ्याला मान हलवून "च्याओ" म्हणायला सुरुवात केली.

सगळं गोड गोडच होतं असं समजू नका. त्याच शनिवारी बाजारात वेळेचं भान राहिलं नाही. अंधारून आलं. कमानींच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या आणि इमारतींमुळं नदी कुठल्या अंगाला ते कळेना. एक माणूस मागं मागं येतोय असं वाटलं. एक चौक झाला, दोन झाले, तो मागंच. तिथं औषधाच्या दुकानावर हिरवा दिव्याचा क्रॉस असतो. आम्ही सरळ आत घुसलो आणि आतल्या बाईला उगाच डोकेदुखीची खूण करत उभ्या राहिलो. माणूस निघून गेला. आपल्या मागं येतच होता की त्याचा रस्ता तोच होता, देव जाणे. पण छाती धडधडायची ती धडधडलीच. परदेशात बाईला भीती नसते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाहेर आलो तर सामानाची चाकाची पिशवी ओढत एक म्हातारी चालली होती. आम्ही फक्त "पो? पो?" म्हटलं. तिनं हात लांब केला, "सेंप्रे द्रित्तो." म्हणजे सरळ, सरळ जात राहा. त्या शहरात रस्ता विचारला की नव्वद टक्के हेच उत्तर मिळतं आणि रस्तेच सरळ असल्यामुळं ते खरंही असतं. तरी ती आमच्याबरोबर पुढच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि पुन्हा हात लांब करून दाखवला. सरळ गेलो. मोठा चौक आला, पूल आला, पुलापलीकडं गोल घुमटाचं ते चर्च दिसलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. ते समोर असलं की उजव्या हाताला आपलं घर, एवढं आम्हाला पाठ होतं. त्या दिवशी मात्र मुकाट्यानं बसचे पैसे दिले. रात्री घरून फोन आला, "कुठं होता?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. थोरली म्हणाली, "फिरायला गेलो होतो." पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग विचारलं, "मग? काय बघितलं?"

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो. शेवटच्या आठवड्यात वर्गात सांगितलं गेलं, तुमच्या गावाजवळच्या बाजारपेठेचा नकाशा आठवणीतून काढा. आपण शिवारफेरीनंतर रांगोळीनं गावाचा काढतो तसाच. आम्हाला वाटलं, हे काय, आत्ता काढू. तालुक्याला आम्ही बारा-पंधरा वर्षं जातोय. कागद घेतला. एसटी स्टँड, बँक, पंचायत समिती, दवाखाना, बियाण्याचं दुकान, पुन्हा एसटी स्टँड. संपलं. मधल्या गल्ल्या कुठं जातात, ठाऊक नाही. पेठेच्या मागं काय आहे, ठाऊक नाही. घानाच्या बाईचाही तसाच निघाला, रुग्णालय आणि बाजार, मधे कोरं. त्या रात्री खोलीत आम्ही गंमत म्हणून तुरिनचा काढला. बैलांचे नळ कुठं कुठं, सावलीची बाकं कुठं, आजीची पाटी कुठं, कुठली कॉफी स्वस्त. कागद पुरेना, मागची बाजू घेतली. थोरली दोन्ही कागद शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "तीन आठवड्यांचं गाव एवढं आणि जन्माचं गाव एवढंसं?"

परत आल्यावर आम्ही गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला फिरायला सुरुवात केली. काही काम न ठेवता. पहिल्या खेपेला दोघीच, दुसरीला पाच, गेल्या गुरुवारी अकरा जणी होतो. "काय काढलंय? मोर्चा आहे का?" असं चार जणांनी विचारलं. पेठेच्या मागं एक बारव सापडली, दगडी, पायऱ्या शाबूत, पाणी आहे, वर प्लॅस्टिक तरंगतंय. वाचनालय सापडलं. त्यात बायकांसाठी वेगळी खोली आहे आणि वर्गणी परवडण्यासारखी आहे, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. दोन जणी सभासद झाल्या. आणि बाजाराच्या टोकाला बायकांचं स्वच्छतागृह सापडलं. चांगलं बांधलेलं, फरशी बसवलेलं, दाराला कुलूप. चावी कुणाकडं ते तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी चौथ्याचं नाव सांगितलं. इतकी वर्षं बाजाराच्या दिवशी आपण सकाळपासून पाणी न पिता बसतो, आणि ते तिथं होतं. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. दोनदा जाऊन आलो, चावी अजून मिळालेली नाही.

रांगोळीचा नवा नकाशा ग्रामसंघाच्या खोलीत काढायला घेतलाय. वायव्येचा कोपरा अजून कोरा आहे, तिकडं कुणीच गेलेलं नाही. या गुरुवारी तिकडंच जायचं आहे आणि वाटेत चावीचंही विचारायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी नऊ वाजता एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीपाशी या. चपला जुन्या, पायाला सवयीच्या घाला. पाण्याची बाटली आणा, आपल्याकडं बैल नाहीत. आणि घरी कुणी विचारलं कुठं चाललीस, तर थोरलीनं दिलं तेच उत्तर द्या.